ठाणे ते कल्याण, व्हाया बिटकॉइन

सेंट्रल लाइनवरची संडे ट्रिप म्हणजे कर्जत, कसारा, फार तर बदलापूर. आमची ट्रिप सात स्टेशनांतच संपली. पण तेवढ्यात बिटकॉइन आलं, वडे आले, एक २०० पानी वही आली आणि आठ वर्षं कुणीच न काढलेला एक विषयसुद्धा!

मावशीचा फोन शनिवारी रात्री आला. "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. पंधरा दिवसांत घर रिकामं करायचंय. दादाला म्हणावं, माळ्यावरचा तुझा कारखाना घेऊन जा, नाहीतर मी भंगारवाल्याला देतेय."

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर राहतो, वागळे इस्टेटमधल्या एका आयटी कंपनीत जातो, वीकेंडला लेकीला मॉलमध्ये फिरवतो. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच नॉर्मल माणूस. पण २०१३-१४च्या हिवाळ्यात, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, हा नॉर्मल माणूस डोंबिवलीच्या टिळकनगरातल्या बेडरूममध्ये बसून पैसे खणत होता. कुदळ-फावडं नाही, कॉम्प्युटर घेऊन! मी तेव्हा अकरावीत होते आणि माझ्या लेखी जगातला सगळ्यात कूल माणूस तोच होता.

तर ठरलं. रविवारी सकाळी मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत निघायचं, डोंबिवलीला माळा साफ करायचा आणि तसंच पुढे कल्याणला मामाकडे जायचं. मामाकडे जायचं हे दादाने सांगितलं, तेव्हा मी जरा चमकले. पण तो किस्सा पुढे.

तलावपाळीचे दोन चहा

दादाने मला स्टेशनवर नाही, तलावपाळीला बोलावलं. सकाळी साडेआठची तलावपाळी म्हणजे वॉक संपवून गप्पा ठोकणारे आजोबा, ट्रॅक सूटमधल्या काकू आणि रात्रीच्या पार्टीनंतर चहा शोधणारे दोन-चार आपल्यासारखे. मासुंदा तलावाच्या कडेचा एक बाक दाखवून दादा म्हणाला, "इथे विकलं होतं मी. पाव बिटकॉइन. मार्च २०१४."

"कितीला?"

"साडेनऊ हजार."

पाव बिटकॉइनचे आज किती होतात, हा हिशेब तुम्ही मनातल्या मनात करताय ना? मीही केला. दादा करत नाही. "आईला सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घ्यायचं होतं, ते आलं," असं म्हणून तो विषय संपवतो.

पण त्या दिवशीची गंमत पैशात नाहीच. बिटकॉइनचा मूळ फंडाच असा, की कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही. बँक नको, साहेब नको, सही-शिक्का नको. ३ जानेवारी २००९ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या कुणीतरी हे सगळं सुरू केलं. तो माणूस कोण, हे आजही जगाला ठाऊक नाही आणि त्याने काही अडतही नाही. सगळा कारभार गणितावर.

ठाण्याच्या बाकावर मात्र गणित अडलं! दादाकडे मोबाइलमध्ये कॉइन, समोरच्याकडे पाकिटात नोटा. आधी कुणी द्यायचं? बिटकॉइन एकदा पाठवलं की परत मागायची सोय नाही. तक्रार करायला ब्रँच मॅनेजरही नाही. समोरचा मुलगा नौपाड्याचा, मित्राच्या मित्राच्या ओळखीचा. दोघांची पहिलीच भेट. शेवटी दादाने हिंमत करून कॉइन पाठवलं आणि दोघं चहा घेऊन बसले. कारण व्यवहार पक्का झाल्याचं पहिलं कन्फर्मेशन यायला साधारण दहा मिनिटं लागतात. साधारण! त्या दिवशी पंचवीस लागली. दुसरा चहा आला. दोघंही मोबाइलकडे बघतायत आणि एकमेकांकडे बघायचं टाळतायत.

"मग?"

"मग काय, कन्फर्मेशन यायच्या आधीच त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाला, घे रे, तू काय पळून जाणारेस? डोंबिवलीचाच ना!"

हे वाक्य दादाने हसत सांगितलं. मला ते दिवसभर पुरलं. विश्वासाची गरज नसलेला पैसा पहिल्यांदा हातात पडला, तो 'डोंबिवलीचाच ना' या दोन शब्दांवर.

दहा मिनिटांची लोकल

ठाण्याहून स्लो कल्याण पकडली. रविवार असल्यामुळे विंडो सीट! कळव्याची खाडी गेली, मुंब्र्याचा डोंगर आला, वरचं देवीचं देऊळ दिसलं. मी दादाला म्हटलं, "आता मायनिंग एकदाचं समजावून सांग. मला मास कॉमवाली समजून सांग."

तो म्हणाला, "तुमच्या सोसायटीचं मेंटेनन्सचं रजिस्टर असतं ना? समज, ते सेक्रेटरीच्या कपाटात नाही, तर प्रत्येक फ्लॅटमध्ये त्याची एकेक कॉपी आहे. कुणी कुणाला किती दिले, सगळं सगळ्यांकडे लिहिलेलं. खोटं लिहिलं तर बाकीचे पकडतात. दर दहा मिनिटांनी त्यात एक नवीन पान जोडायचं. त्याला म्हणायचं ब्लॉक."

"आणि ते पान कोण लिहिणार?"

"त्याच्यासाठीच तर हाउझी!"

गणपतीतली हाउझी आठवा. पान जोडायचा मान आणि बक्षिसाची नवीकोरी नाणी मिळवायची तर एक आकडा शोधावा लागतो. तो शोधायला डोकं लागत नाही, फक्त अंदाज मारत सुटायचं. सेकंदाला लाखो-करोडो अंदाज! ज्याची मशीन जास्त, त्याची तिकिटं जास्त. आणि प्रत्येक तिकिटाची किंमत? वीज. बस, हेच मायनिंग.

सुरुवातीला एका ब्लॉकमागे ५० बिटकॉइनचं बक्षीस होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते २५ झालं, जुलै २०१६ मध्ये साडेबारा, मे २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. अशी कपात होत होत एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांवर थांबणार.

आता यातली मेख ऐका. खेळणारे वाढले म्हणून बक्षीस वाढत नाही. खेळ अवघड होतो! दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, सिस्टीम स्वतःच काठिण्य बदलते, म्हणजे पान जोडायचा वेग दहा मिनिटांच्या आसपासच राहतो. गर्दी कितीही वाढू दे, लोकल तेवढीच. आत शिरायचं तर जोर जास्त लावायचा. सेंट्रल लाइनवर वाढलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजवायला नको.

"म्हणजे मायनरची कमाई रोज बदलणार?"

"बदलणार नाही. कमी होणार," दादा म्हणाला. "मशीन तेच ठेवलं आणि खेळणारे वाढत राहिले, तर रोज थोडं थोडं कमी. हे लक्षात ठेव. कल्याणला लागणारे."

टिळकनगर, दुसरा मजला

डोंबिवली ईस्टला उतरलं की फडके रोड टाळता येत नाही, आणि टाळावा तरी का? दिवाळीच्या पहाटे अख्खी तरुण डोंबिवली इथे नटूनथटून उभी असते, गुढीपाडव्याला शोभायात्रा असते आणि बाकीचे दिवस गणपतीच्या देवळाकडे जाणारी गर्दी. तिथून चालत टिळकनगर. चार मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. खाली टेम्पो उभा, जिन्यात कुणाचं तरी गोदरेजचं कपाट अडकलेलं.

मावशीने दार उघडताच पहिला प्रश्न, "खाऊन आलात का?" दुसरा प्रश्न, "तो कारखाना नेणार की नाही?"

कारखाना माळ्यावरून खाली आला. एक साइड पॅनल नसलेला कॅबिनेट, जाडजूड पॉवर सप्लाय आणि धुळीने माखलेलं रॅडिऑन ग्राफिक्स कार्ड. एवढंच! माझ्या आठवणीत ते केवढं मोठं होतं...

२०१३च्या शेवटी बिटकॉइनने पहिल्यांदा हजार डॉलर गाठले आणि जगभरातले कॉलेजचे पोरगे हातातलं पुस्तक टाकून याच्या मागे लागले. पण तोवर खुद्द बिटकॉइन घरच्या कॉम्प्युटरवर खणायचे दिवस संपले होते. त्यासाठी बनवलेली खास यंत्रं त्याच वर्षी बाजारात आली आणि ग्राफिक्स कार्डवाल्यांची छुट्टी झाली. मग हौशी मंडळी वळली लाइटकॉइनकडे. हे २०११ साली निघालेलं बिटकॉइनचं धाकटं भावंडं, आणि ते ग्राफिक्स कार्डावर चालायचं. डिसेंबर २०१३ मध्ये कुत्र्याचा फोटो लावून चेष्टेत काढलेलं डोजकॉइन आलं, तेही चालायचं. लाइटकॉइन खणायचं, त्याचं बिटकॉइन करून घ्यायचं आणि गिऱ्हाईक शोधायचं, असा सगळा मामला. जगभर रॅडिऑन कार्डांची टंचाई झाली होती. दादाने आपलं कार्ड लॅमिंग्टन रोडवर चार चकरा मारून, शेवटी एका गेम खेळणाऱ्याकडून सेकंडहँड मिळवलं.

आणि सुरू झाला डोंबिवलीचा कारखाना. चोवीस तास. कार्ड इतकं तापायचं की कॅबिनेटचं पॅनल काढून टेबलफॅन त्याच्याकडे वळवलेला. माणसं घामाघूम, मशीनला वारा! मावशीने आठवड्याभर आदळआपट केली आणि मग डोंबिवलीकर बाई करेल तेच केलं. मशीनमागे दोरी बांधली. पावसाळ्यात अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त आमच्या मावशीकडे मोजे वाळायचे. वॉशिंग मशीनच्या आधी ड्रायर आला तो असा.

काका बँकेत होते. नोट, पासबुक आणि व्हाउचर यांच्याबाहेर पैसा असू शकतो हेच त्यांना मान्य नव्हतं. २४ डिसेंबर २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने बिटकॉइनसारख्या आभासी चलनांपासून सावध राहा, असं पत्रक काढलं. दुसऱ्या दिवशी काकांनी पेपरातली बातमी जेवताना मोठ्याने वाचली. दोनदा. पण मशीन बंद कर, असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "वीज माझ्या नावावर आहे. मी मीटर लिहिणार."

आणि मग ती वही माळ्यावरून खाली आली. २०० पानी, पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला दादाच्या निळ्या अक्षरात रोजचे लाइटकॉइन. उजव्या बाजूला काकांच्या लाल अक्षरात रोजचं मीटर रीडिंग. बाप-लेकाने सहा महिने एकही दिवस चुकवलेला नाही.

हिशेब साधा आहे, तुम्हीही करून बघा. कॉम्प्युटर आणि कार्ड मिळून ३५० वॉट. चोवीस तास, तीस दिवस. झाले २५२ युनिट. घरात आधीच महिन्याला १५० युनिट जळायचे, ते झाले चारशेच्या वर. महावितरणचं बिल स्लॅबमध्ये असतं, पहिल्या १०० युनिटला एक दर, पुढे ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. म्हणजे हौसेची वीज कायम महागाच्या खणात.

जानेवारी २०१४ च्या पानावर निळ्यात लिहिलंय, दिवसाला ०.२ लाइटकॉइन. त्यातून बिल भागून वर पैसे उरत होते. मार्चमध्ये आकडा खाली. एप्रिलमध्ये आणखी खाली. कारण लाइटकॉइनसाठीही खास यंत्रं यायला लागली होती. जूनमध्ये ०.०६ सुद्धा नाही आणि भावही निम्म्याहून खाली. त्या पानावर काकांनी लाल पेनने एक रेघ मारलीय आणि खाली लिहिलंय, 'आजपासून तोटा.' त्याच संध्याकाळी दादाने मशीन बंद केलं. मावशीचे मोजे मात्र त्यानंतर वाळेनात.

"आणि उरलेले कॉइन?" मी विचारलंच.

"चिल्लर उरली होती. खर्च करायला जागाच कुठे होती? वरळीत एका पिझ्झावाल्याने बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली, अशी बातमी आली होती. आम्ही तिघं मित्र जाणार होतो. मग ट्रेन, टॅक्सी आणि पिझ्झाचा हिशेब केला आणि ठाणे स्टेशनबाहेर कॅशमध्ये वडापाव खाल्ला."

जगातला पहिला गाजलेला बिटकॉइनचा सौदाही पिझ्झाचाच. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतल्या लास्लो हान्येझने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले. आमच्या घराण्यातला शेवटचा सौदा त्याहून साधा आहे. २०१६ मध्ये काही भारतीय अ‍ॅप्सवर बिटकॉइन देऊन मोबाइल रिचार्ज करता यायचा. दादाच्या उरलेल्या चिल्लरमधून मावशीच्या फोनवर टॉकटाइम पडला. ती आजही म्हणते, "तुझ्या त्या कॉइनचं मला एकदाच काय ते सुख मिळालं."

ठाकुर्लीच्या पुढे

भंगारवाला आला, कॅबिनेट गेला. दादाने फक्त वही ठेवली. काका म्हणाले, "मामाकडे चाललायस ना? मग ने. आधीच न्यायला हवी होती."

गाडीत बसल्यावर दादा गप्प. ठाकुर्ली आलं. इथलं चोळा पॉवर हाउस १९२९ साली रेल्वेच्या विजेसाठी सुरू झालं होतं. ते बंद होऊन जमाना झाला, पण नाव अजून टिकून आहे. या लाइनवर विजेतून पैसा काढायचा उद्योग तसा जुनाच म्हणायचा!

तर आता तो किस्सा.

मामा एमआयडीसीतल्या कंपनीतून २०१६ मध्ये रिटायर झाला. पीएफचे पैसे हातात आले. त्याच सुमारास महाराष्ट्रभर हॉटेलांच्या हॉलमध्ये सेमिनार भरायचे. सूट घातलेला माणूस सांगायचा, आम्ही बिटकॉइनचं मायनिंग करतो, तुम्ही पैसे गुंतवा, महिन्याला दहा टक्के घ्या, अठरा महिने. ओळखीच्यांना आणलंत तर कमिशन वेगळं. पुण्यात गाजलेल्या 'गेनबिटकॉइन' प्रकरणातलं आश्वासन हेच होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच्या सूत्रधाराला अटक केली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. मामा ज्या योजनेत गेला तिचं नाव वेगळं, पण रेकॉर्ड तीच.

२०१७ च्या सुरुवातीला कल्याणला एका साखरपुड्यात मामाने दादाला बाजूला घेतलं. "हे बिटकॉइनचं खरं असतं ना रे?"

दादा म्हणाला, "असतं की मामा. मी स्वतः काढलेत."

झालं! मामाने तीन लाख भरले. योजनेबद्दल दादाला त्याने विचारलंच नव्हतं, त्यामुळे दादा खोटंही बोलला नव्हता. पण महिन्याभराने दहा टक्क्यांचं त्याच्या कानावर आलं, तेव्हा त्याला एका सेकंदात कळलं. कारण वही त्याच्याकडे होती! ज्या धंद्यात निळा आकडा दर पंधरवड्याला खाली जातो, त्या धंद्यातून अठरा महिने ठरावीक दहा टक्के कसे देणार? तसे कुणीच देऊ शकत नाही. कारण मायनिंगची रचनाच तशी आहे.

"मग सांगितलं का नाहीस?"

"नवीन नोकरी होती. मोठ्या माणसाला तुम्ही फसलात असं कसं सांगायचं, तेही कळेना. आणि खरं सांगू? मला वाटलं, चार महिन्यांचे पैसे निघाले तरी बास."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कारण दादाला एक गोष्ट माहीत नव्हती. मामाला ईमेल येत नव्हता. त्याचा आयडी मी काढून दिला होता. योजनेच्या साइटवर त्याचं लॉगिनही मीच केलं होतं, पासवर्डसकट. मी तेव्हा मास कॉमच्या पहिल्या वर्षाला होते, दोन हजार रुपयांचा मोबाइल कव्हर-हेडफोन खरेदीचा बेत मामाच्या बक्षिसावर आखून. 'दादा करतोय म्हणजे बरोबरच असेल,' असं मामाला मीही म्हटलं होतं. सेमिनारवाल्याचं मामाने कितपत ऐकलं असेल, देव जाणे. आमचं मात्र ऐकलं.

'डोंबिवलीचाच ना.' तलावपाळीच्या बाकावर ज्या दोन शब्दांनी सौदा झाला, तेच शब्द इथे उलटे फिरले.

पारनाक्याचं घर

कल्याण स्टेशनहून शेअर रिक्षा. पारनाका आणि टिळक चौक म्हणजे जुनं कल्याण. अरुंद रस्ते, वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगी आणि मधूनच एखादा उरलेला लाकडी जिना. वाटेत खिडकी वडा घेतला. कल्याणला येऊन तो न घेणं म्हणजे पाप. घराच्या खिडकीतून विकायला सुरुवात झाली, म्हणून नाव खिडकी वडा. ब्रँडिंगचा क्लास न लावता पडलेलं नाव!

मामी म्हणाली, "इतक्या दिवसांनी दोघं एकदम? काय, पत्रिका द्यायला आलात की काय?"

मामा खुर्चीत पेपर वाचत होता. दादाने वडे टेबलावर ठेवले, वही त्याच्या हातात दिली आणि प्रस्तावना न करता म्हणाला, "मामा, हे मी तुला २०१७ मध्ये दाखवायला हवं होतं."

मामाने चष्मा लावला. पानं उलटली. त्याने कंपनीत आयुष्यभर लॉगबुक भरलेलं. त्याला काही समजवावं लागलं नाही. निळे आकडे खाली जाताना त्याचं बोट त्यांच्याबरोबर खाली गेलं. जूनच्या पानावर काकांचं 'आजपासून तोटा' वाचून तो हसला. "हा माणूस खरा बँकवाला."

मग वही मिटली. "दाखवायला हवं होतंस," तो म्हणाला. तेवढंच. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं.

मी म्हटलं, "मामा, लॉगिन मी करून दिलं होतं."

"माहितेय की. पासवर्डमध्ये तुझ्या मांजराचं नाव होतं."

तीन लाखांतले परत किती आले, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चाळीस हजार. नंतर परतावा बिटकॉइनऐवजी योजनेच्याच नव्या कॉइनमध्ये यायला लागला आणि त्या कॉइनला बाहेर कुत्रं विचारत नव्हतं. पोलिसांत का गेला नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, "काय सांगणार? कुणी गळ्याला सुरी लावली नव्हती. आणि मी दोघांना माझ्याखाली जोडलं होतं. त्यातल्या एकाला मी घरचे पैसे दिले. थोडे थोडे करून." मामी एकदम स्वयंपाकघरात गेली. तिला हे माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

थोडा वेळ पंख्याचा आवाज. मग आतून मामी म्हणाली, "वडे गार होतायत."

आम्ही वडे खाल्ले. पुतणीच्या लग्नाचा विषय निघाला, पाण्याचा निघाला, पत्रीपुलावरच्या ट्रॅफिकचा निघाला. निघताना दादाने वही उचलली, तर मामाने हात ठेवला.

"राहू दे इथे. तलावावरच्या आमच्या कट्ट्यावर एक जण आहे. परवा मोबाइलवर काहीतरी दाखवत होता. महिन्याला आठ टक्के. मला म्हणाला, तुमचा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे ना, त्याला विचारून सांगा." मामाने वहीवरची धूळ पुसली. "उद्या सकाळी दाखवतो त्याला. तूही ये. सात वाजता."

दादाची सोमवारी सकाळी नऊला मीटिंग असते. तो म्हणाला, "येतो."

जाणार असाल तर...

कसं जाल : ठाण्याहून कल्याण स्लो लोकल, ठाण्यानंतरचं सातवं स्टेशन. रविवारी मेगाब्लॉक बघूनच निघा, नाहीतर ट्रिप दिव्यालाच संपेल.

काय बघाल : ठाण्यात तलावपाळी. डोंबिवलीत फडके रोड आणि गणपती मंदिर. कल्याणला काळा तलाव, आता त्याचं नाव भगवा तलाव, आणि संध्याकाळी दुर्गाडी किल्ल्यावरून दिसणारी खाडी.

काय खाल : ठाण्यात मामलेदारची मिसळ. तिखटाची सवय नसेल तर शहाणपणा करू नका. कल्याणला खिडकी वडा.

आणि कॉइनचं काय : ग्राफिक्स कार्डावर मायनिंगची शेवटची मोठी लाट इथेरियमची होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगच बंद केलं, तेव्हा बेडरूममधल्या कारखान्याचं स्वप्न सोडा. ट्रेडिंगचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के टॅक्स आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एक्स्चेंजवर ठेवलेले कॉइनही शंभर टक्के सेफ नसतात. १८ जुलै २०२४ रोजी 'वझीरएक्स' या भारतीय एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास किमतीचे कॉइन चोरीला गेले.

शेवटची टिप : घरातल्या कुणी विचारलं, "हे खरं असतं ना रे?" तर नुसतं 'हो' म्हणून फोनमध्ये डोकं घालू नका. "कशाबद्दल विचारताय? दाखवा बरं," असं म्हणा. तेवढ्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.